कंट्रोलच्या कुरणातली पंगत

डच मुलखातल्या एनस्खेडे गावाबाहेर, खेरितच्या शेताशेजारून
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

श्रीयुत सुदर्शनराव यांस श्यामकांताचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे यंदा तो उभ्यानेच घातला आहे, आपण तो वाकून घातलेला धरून घ्यावा.) विहीणबाईंनाही नमस्कार. त्यांच्या कंबरेचं दुखणं आता कसं आहे? निर्गुडीचा शेक चालू ठेवायला सांगा. त्या ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी सांगा. कागलात आपलं गुऱ्हाळ पेटलं असेल, पहिली आधणं उतरली असतील आणि चाखायला येणाऱ्यांची रांग घेणाऱ्यांपेक्षा मोठी असेल. त्या रांगेत यंदा मी नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

इकडे सर्व खुशाल. ओमकार सकाळी सायकलवर टांग मारून विद्यापीठात जातो आणि संध्याकाळी भिजून परत येतो. पाऊस असो वा नसो, तो भिजलेला असतोच. हे कसं, ते विचारणं मी सोडून दिलं आहे. जुईची तब्येत उत्तम आहे. (तब्येत, एवढंच लिहितो आहे. बाकीचं पुढे येईल. घाबरू नका.) आमची सौ. धाकटीच्या बाळंतपणासाठी पुण्यात राहिली, त्यामुळे मुलाकडे मी एकटाच आलो, म्हणजे वेसण नसलेला आलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला असं मोकळं सोडू नये. पुढे जे झालं त्याला अर्धी जबाबदार सौ.ची गैरहजेरी आहे आणि अर्धा जबाबदार आपला गूळ. पत्र लिहिण्यास कारणही तसा गूळच, असं तूर्त समजावं.

मी इकडे निघताना आपण माझ्या पिशवीत जी गुळाची ढेप घातली होती ती संपली. इतकी मोठी ढेप तीन माणसांच्या घरात, त्यातल्या एकाला (मला) साखरेची गोळी चालू असताना, कशी संपली असा प्रश्न जुईने एकदा विचारला होता. मी तेव्हा मुंग्या म्हणालो. या देशात मुंग्या पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि बहुतेक तिलाही आठवलं नसावं, कारण ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

आता मूळ गोष्ट. आपली जुई काय करते हे आपण कागलात ‘संशोधन’ एवढ्या एका शब्दात उरकता, म्हणून जरा नीट सांगतो. ती जनावरांचा खुराक बनवणाऱ्या कंपनीत आहे. इकडे थंडी पडली की शेतकरी जनावरं गोठ्यात घेतो, आणि एकदा आत घेतली की चारा नेऊन घाला, शेण काढा, हे सगळं मागे लागतं. म्हणून काहीजण नाताळ येईपर्यंत ती कुरणावरच ठेवतात. आता या दिवसांतलं गवत दिसायला असं हिरवंगार की आपल्याला वाटावं आपणच दोन घास खावेत. पण आत नुसतं पाणी. आपल्याकडे श्रावणातल्या कोवळ्या गवताने होतं ना, पोट टम्म आणि अंगाला काही नाही, तसंच. तेव्हा कुरणावर सोडलेल्या जनावराला वरून थोडा खुराक द्यायचा: साखर कारखान्यातून निघालेला बीटाचा सुका चोथा, भरडलेला मका आणि वर क्षार. त्याने वजन किती वाढतं, आणि ते वाढणं परवडतं का, हे जुईला शोधायचं होतं. त्यासाठी शेजारच्या खेरित नावाच्या शेतकऱ्याची चाळीस जनावरं तिच्या कंपनीने ठरवून घेतली. वीस दोन कुरणांमधल्या चराच्या अलीकडे, वीस पलीकडे. या ट्रायलचा निकाल लागला की जानेवारीत जुईची नोकरी कायम होणार की करार संपणार, ते ठरणार. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

(ही जनावरं दुधाची नाहीत आणि नांगराचीही नाहीत. मग उरलं काय, ते आपण ओळखालच. हा कंस विहीणबाईंना वाचून दाखवू नये. त्यांना शर्यतीची आहेत म्हणून सांगावं. मी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत जनावरं बरी करण्यात सगळी नोकरी घालवली. इथे मी त्यांच्या आजच्या जेवणाचा विचार करतो, उद्याचा करत नाही.)

खेरित हा माणूस सोन्यासारखा आहे. बोलत नाही. या भागात लोक भेटल्यावर ‘मोई’ म्हणतात आणि निघतानाही ‘मोई’ म्हणतात, आणि खेरित मधलं संभाषणही त्यातच भागवतो. नेमकं ट्रायल सुरू होताना त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाय स्टुलावर ठेवून तो स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला. (त्याचा डावा, माझा उजवा, दोघांत मिळून एक माणूस नीट चालला असता.) खुराक कोण घालणार, असा प्रश्न आला. जुईने जेवताना सहज विचारलं, बाबा, तुम्हाला जमेल का? सुदर्शनराव, निवृत्त पशुधन पर्यवेक्षकाला परदेशात, घरात बसून खिडकीतला पाऊस मोजत असताना, कोणी असं विचारणं म्हणजे काय असतं हे आपल्याला कळेल. मला गमबूट मिळाले, एका चाकाची ढकलगाडी मिळाली, आणि गारठ्यासाठी सौ.ने बांधून दिलेली माकडटोपी होतीच. काम सोपं होतं. रोज दोन पोती, अलीकडच्या कुरणातल्या गव्हाणीत. पलीकडे काही नाही.

पलीकडे काही नाही, हेच मला सोसलं नाही.

पहिल्या दिवशी गव्हाणीत पोतं रिकामं केलं, चोथ्याचा गोडसर वास सुटला, अलीकडची वीस जनावरं तुटून पडली. मान वर केली तर चराच्या पलीकडची वीस फाटकाशी येऊन उभी. आवाज नाही, ढुशा नाहीत. नुसती बघत होती. त्यातली एक, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, फाटकावर हनुवटी टेकून माझ्याकडे असं बघत होती की मला घाईघाईने टोपी नीट करावी लागली. आपण पंगती उठवलेले आहात, आपल्याला मी काय सांगू? एकाच मांडवात या ओळीला जिलबी आणि त्या ओळीला ताक, असा पंक्तिप्रपंच मी जन्मात केला नाही आणि कोणाला करू दिला नाही. आमच्या चुलतभावाच्या मुंजीत मामेमंडळींना तूप दोनदा वाढलं आणि आचाऱ्याच्या माणसांना एकदाच, म्हणून मी वाढप्याच्या हातातलं तुपाचं भांडं काढून घेतलं होतं. त्यानंतर तो चुलतभाऊ चार वर्षं बोलत नव्हता. माझं काही बिघडलं नाही. तो बोलायचा तेव्हाही फारसं काही बोलत नसे.

त्या संध्याकाळी मी जुईला विचारलं, पलीकडच्यांना का नाही? ती म्हणाली, बाबा, ते कंट्रोल आहे.

आता मला सांगा, आपल्या पिढीच्या माणसाने काय समजायचं? कंट्रोल म्हणजे रेशन. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलची साखर, कंट्रोलच्या दुकानापुढची रांग. आणि कंट्रोलचा कायदा एकच, माणशी सारखं. ते कुरण कंट्रोलचं आहे हे घरच्या सुनेनेच सांगितल्यावर मी दुसऱ्या दिवशी एक पोतं अलीकडे टाकलं आणि एक पलीकडे नेलं. (कंट्रोलचा अर्थ रेशन असावा हे मला पहिल्या दिवशी खरंच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून वाटत नव्हतं; तुलनेसाठी बिनखुराकाची ठेवलेली जनावरं, हे कळलं होतं. हे फक्त आपल्यासाठी.) पलीकडे गव्हाण नव्हती, म्हणून कुंपणालगत गवतावरच सारख्या अंतराने वीस ढिगल्या घातल्या. वीस जनावरं ओळीत येऊन माना खाली घालून जेवायला लागली. डोळे भरून आले हो! मी नुसता पाण्याचा तांब्या घेऊन फिरायचा बाकी होतो. शेवटी गोड म्हणून प्रत्येकाला आपल्या गुळाचा एकेक खडा दिला. मग चार पावलं चालल्यावर लक्षात आलं की अलीकडच्यांना तो दिलाच नाही, म्हणून परत फिरलो. ढेप संपली ती अशी. आपल्या गुळाला या देशात चाळीस कायमची गिऱ्हाइकं आहेत आणि एकानेही भावाची घासाघीस केलेली नाही.

खेरित खिडकीतून सगळं बघत होता. एकदा त्याने मला कॉफी प्यायला बोलावलं, ढिगल्यांच्या ओळीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हिंदू? मला वाटलं तो माझी चौकशी करतो आहे. मी मोठ्या अभिमानाने छातीवर हात ठेवून ‘या, या’ (इकडचं हो, हो) म्हणालो. त्याने गंभीरपणे मान हलवली. आमच्या देवाधर्माचं काही चाललं आहे असं समजून त्या भल्या माणसाने पुढे एक शब्द काढला नाही. उलट मी ओळीत ढिगल्या घालत असलो की तो खिडकीतला रेडिओ बारीक करत असे.

पंधरवड्याने वजनं झाली. दोन्हीकडची जनावरं सारखीच वाढली होती. जुई म्हणाली, वजनकाटा बिघडला असेल. कंपनीचा माणूस येऊन काटा तपासून गेला. पुढच्या वजनालाही तेच. मग तिने दोन्ही कुरणांचं गवत कापून प्रयोगशाळेत पाठवलं. गवत सारखंच, पाणीच पाणी. रोज संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर आकडे मांडून बसायची आणि ओमकार त्यातून काहीतरी आलेख काढायचा, आणि मी त्या दोघांच्या पानांत कोशिंबीर वाढत राहायचो. आलेखात दोन रेघा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून वर चालल्या होत्या. मला त्या बघून आतून बरं वाटायचं, हे मी लपवत नाही. पण जुईला त्याचा अर्थ एकच दिसत होता, की खुराक खाल्ला काय आणि न खाल्ला काय, फरक शून्य. म्हणजे कंपनीचा माल बिनकामाचा, आणि तो पारखण्यासाठी नेमलेली आपली मुलगीही. मी एकदा चाचरत सुचवलं, की समजा, नुसतं समजा, की जनावरांना अर्धाच खुराक पुरत असेल तर? ती म्हणाली, कशाच्या तुलनेत, बाबा? तुलनेची वीसच्या वीस जनावरं मीच जेवायला बसवली होती.

नंतर तिला खेरितचा संशय आला, की तो लपवून पलीकडे जव घालतो. ती त्याला विचारायला गेली. मी मागोमाग गेलो, कारण घरी थांबवेना. खेरितने तिचं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि ‘ने’ म्हणाला. नाही, एवढंच. दुखावला होता तो, मला दिसत होतं, आणि तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. आपण लहानपणी मास्तरांपुढे एकमेकांना असं वाचवायचो. परत येताना मी ठरवलं की आज सांगायचंच. जेवताना तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर आमटीत मीठ बरोबर आहे का. तिनेच आमटी केली होती. बरोबर होतं.

आणि गेल्या सोमवारी जे झालं त्यानंतर तर माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे. जुईच्या साहेबीणबाई कुरण बघायला आल्या. उंच, सरळ आणि बोलायला खेरितपेक्षा जरा जास्त. जुईने मलाही हौसेने बरोबर घेतलं, माझे सासरे, जनावरांच्या दवाखान्यात होते, खुराक तेच घालतात, अशी ओळख करून दिली. अलीकडचं कुरण झालं. मग आम्ही चर ओलांडून पलीकडे गेलो आणि ती बाईंना सांगायला लागली, की या जनावरांनी खुराक कधी पाहिलेलासुद्धा नाही. एवढ्यात त्या पांढऱ्या ठिपकेवालीने माझी माकडटोपी पाहिली. सुदर्शनराव, कुरणाच्या टोकापासून वीसच्या वीस जनावरं उधळत आली, आणि कुंपणालगत आपापल्या जागी, सारख्या अंतराने, एका ओळीत उभी राहिली! आमच्या मुंजी-लग्नांत पाहुण्यांना इतकी शिस्त मी कधी पाहिली नाही. ठिपकेवाली माझ्या कोटाचा उजवा खिसा चाटू लागली. बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, आमच्या देशात माणसांचं आणि जनावरांचं जुनं नातं आहे. जुई माझ्या खिशाकडे बघत होती. मग ती त्यांना घेऊन गाडीकडे गेली. तिला काही कळलं नसावं अशी मला आशा आहे. ती साधी मुलगी आहे.

असो. बाकी सर्व ठीक. विहीणबाईंना पुन्हा नमस्कार, गुऱ्हाळावरच्या सगळ्यांना आठवण सांगा. कोणी इकडे येणारं असेल तर एक ढेप पाठवावी, नसेल तर राहू द्या. थंडीत उसाच्या रसाचा मोह आवरा, आपला खोकला मला ठाऊक आहे.

आपला व्याही आणि (वरील मजकुरानंतरही, अशी आशा आहे) स्नेही,
श्यामकांत

ता. क. : गुळाची घाई नाही. घाई दुसरी आहे. हे पत्र पोचल्यावर पहिल्या रविवारी जुईचा आपल्याला फोन येईल तेव्हा ही सगळी हकिगत आपण तिला सांगावी. आपल्या तोंडून ऐकताना तिला वडिलांचा आवाज तरी ऐकू येईल. माझ्या तोंडून ऐकताना नुसता राग येईल. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं. सुरुवातीला ‘कारण गूळच’ लिहिलं ते खोडणार होतो, पण कागद एकच उरला आहे.

ता. क. दुसरा : खेरितचा काही दोष नाही हे तिला सगळ्यात आधी सांगा. माझं नंतर.

ता. क. तिसरा : काल ती जेवली नाही. पानावरून उठली आणि भूक नाही म्हणाली. मी वीस जनावरांची भूक बघू शकलो नाही आणि आपल्या मुलीला माझ्यासमोर उपाशी उठवलं. रात्रभर हेच डोक्यात होतं. आपण मला तोंडावर चार शब्द सुनावलेत तरी चालेल, पण तिला तेवढं रविवारी सांगाच. तिच्याएवढं कोणी माझ्याशी या घरात बोलत नाही.

(यापुढचा मजकूर वेगळ्या अक्षरात.)

आप्पा, मी जुई. पत्र वाचलं याबद्दल आधी सॉरी. बाबांनी पाकीट मला पोस्टात टाकायला दिलं, चिकटवलं नव्हतं, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘जुईने वाचू नये.’ या भागात मराठी वाचणारे आम्ही तिघंच आहोत. म्हणजे हे ज्याला सांगायचं होतं त्यालाच सांगितलं आहे.

मला सोमवारी कळलं. खिशामुळे नाही. कुंपणालगत वीस ठिकाणी गवत चाटून साफ झालं आहे, आणि प्रत्येक दोन ठिकाणांतलं अंतर सारखं आहे. इतकं सारखं वाढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. तुम्हाला आठवतं का, लग्नानंतरच्या सत्यनारायणाला मी सासरच्या बायकांबरोबर शेवटच्या पंगतीला बसले तेव्हा बासुंदी संपली होती? मी कोणाला काही बोलले नव्हते. बाबांना ते कसं कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी स्वतः दूध आटवलं आणि सगळं घर बसवून पहिली वाटी मला वाढली. तेव्हाच मी ठरवलं होतं की या माणसावर आपण कधी रागवायचं नाही. या आठवड्यात ते फार जड गेलं. काल म्हणूनच पानावरून उठले. अजून थोडा वेळ बसले असते तर बोलून गेले असते, आणि मला त्यांनी स्वतः सांगायला हवं होतं.

साहेबीणबाईंना मी मंगळवारीच खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, रिपोर्टमध्ये जसं घडलं तसं लिही. त्यामुळे आमच्या कंपनीच्या कागदात आता कायमचं लिहिलं गेलं आहे की खुराकाचं समान वाटप ‘स्खोनफादर’ने केलं. डच भाषेत सासऱ्याला हाच शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ सुंदर बाप असा होतो. ट्रायल पुढच्या वर्षी पुन्हा करायची आहे. ती मी करणार की दुसरं कोणी, ते जानेवारीत कळेल. बाबांना अजून यातलं काही सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी मी भरपूर जेवणार आहे आणि जेवता जेवता सांगणार आहे.

रविवारी तुम्ही त्यांना एक अक्षर बोलायचं नाही. आणि गूळ पाठवा, एक नाही, दोन ढेपा. एक आमची, एक खेरितची, कारण त्याची माफी मलाही मागायची आहे. फक्त त्या दोन्ही तराजूवर घालून सारख्या वजनाच्या पाठवा. जरा जरी लहानमोठी आली तर बाबा आमचीच फोडून त्याच्या ढेपेला जोडत बसतील.